एका दुव्याची दुरुस्ती

संगणक सुरू होत नाही, एवढे एकच वाक्य कानी पडताच माणसाच्या मनात जी भीती उभी राहते, ती वस्तुतः यंत्र बिघडल्याची नसून दप्तर बुडाल्याची असते, असे या व्यवसायात अर्धे आयुष्य घालवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. डिस्कवर लिहिलेल्या नोंदी ही एक गोष्ट आहे आणि वीज मिळताच आपल्या बळावर उभे राहण्याचे यंत्राचे सामर्थ्य ही अगदी निराळी गोष्ट आहे. आणि एखाद्या सदोष पॅकेजमुळे लिनक्सचे यंत्र जेव्हा बूट होईनासे होते, तेव्हा बहुधा पहिली गोष्ट पूर्णपणे अबाधित असून दुसरीतला एखादा सांधाच तेवढा निखळलेला असतो. हा भेद ज्याला आणीबाणीच्या क्षणी आठवतो तो धीराने तो सांधा शोधू लागतो. ज्याला आठवत नाही तो सर्व पुसून नव्याने स्थापना करण्याच्या मागे लागतो, आणि जे गेलेलेच नव्हते ते आपल्याच हाताने घालवून बसतो. दुसऱ्या मार्गाने झालेली हानी मी इतक्या वेळा पाहिली आहे की पहिल्या मार्गाने गेलेल्या एका रात्रीची हकिकत सविस्तर सांगावी असे मला वाटते.

कृष्णाकाठच्या एका तालुक्यात सहकारी दूध संघाचे शीतकरण केंद्र आहे. आसपासच्या गावांतून सकाळ-संध्याकाळ तेथे दूध येते, प्रत्येक गावच्या दुधाची तपासणी होते, आणि फॅट व एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घनघटक) यांचे आकडे तपासणी-यंत्रातून थेट संगणकात उतरतात. या आकड्यांवरच दर मुक्रर होतो आणि दर दहा दिवसांनी सभासदांचा दुधाचा पगार निघतो. तेव्हा त्या संगणकातील नोंदी म्हणजे कित्येक घरांचे किराण्याचे आणि शाळेच्या फीचे पैसे होत. यंत्रावर डेबियन या लिनक्स वितरणाची, 2023 च्या जूनमध्ये प्रसृत झालेली बारावी आवृत्ती होती, नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये होत्या, आणि या सर्वांची देखभाल पुण्याहून माझ्याकडे होती. तपासणी-यंत्राशी बोलणारा ड्रायव्हर मात्र त्या यंत्राच्या पुरवठादाराकडून येत असे, आणि त्याची नवी आवृत्ती निघाली की ती आपोआप उतरवून घेण्याची तजवीज पुरवठादाराने करारान्वये स्वतःकडेच ठेवली होती.

एके दुपारी अशीच एक नवी आवृत्ती उतरली. त्यानंतरही काही काळ काहीच बिघडल्यासारखे दिसले नाही, कारण जे प्रोग्राम आधीपासून चालू होते त्यांना लागणारे सर्व साहित्य त्यांनी स्मृतीत धरून ठेवलेले असते आणि डिस्कवर काय उलथापालथ झाली याची त्यांना वार्ताही नसते. संध्याकाळचे संकलन चालू असताना पावती छापण्यासाठी नवा प्रोग्राम उघडावा लागला, तो उघडेना, आणि जो जो उघडावा त्याच्याविषयी ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ एवढाच मजकूर येऊ लागला, तेव्हा संगणक सांभाळणाऱ्या तरुण मुलीने मला फोन केला. आमचे बोलणे चालू असतानाच त्या भागातली वीज गेली. यूपीएसने आपली मुदत भरेपर्यंत तग धरला, आणि वीज परत आली तेव्हा यंत्र उठले नाही. केंद्राचे व्यवस्थापक फोनवर आले. “साहेब, परवा पगाराची तारीख. आमचा हिशेब गेला का हो सगळा?” हिशेब जाण्यासारखे अद्याप काही झालेले नाही, कुणीही काहीही पुसू नये, आणि उद्याचे दूध कागदावर नोंदवण्याची तयारी ठेवावी, असे सांगून मी निघालो.

पडद्यावर थांबलेला मजकूर काय होता हे त्या मुलीने मला अक्षर न अक्षर वाचून दाखवले होते, आणि वाटेत मी त्याचाच विचार करत होतो. लिनक्सचे बूट होणे ही पूर्वीच्या डाकेच्या टप्प्यांसारखी व्यवस्था आहे: प्रत्येक हरकाऱ्याने थैली पुढच्याच्या हवाली करायची आणि स्वतः बाजूला व्हायचे. फर्मवेअर ग्रब या बूटलोडरला जागे करतो. ग्रब कर्नलला, म्हणजे व्यवस्थेच्या गाभ्याला, आणि त्याच्यासोबत इनिट्रामएफएस नावाच्या एका लहानशा तात्पुरत्या फाइलव्यवस्थेला स्मृतीत आणून ठेवतो. त्या तात्पुरत्या व्यवस्थेत डिस्क ओळखण्यापुरती आणि ती जोडण्यापुरती हत्यारे असतात, आणि खरी मूळ फाइलव्यवस्था जोडून झाली की तिच्यातील ‘इनिट’ या पहिल्या प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवून ती नाहीशी होते. थैली कोणत्या टप्प्यावर पडली हे एकदा कळले की त्याच्या अलीकडचे सर्व टप्पे निर्दोष आहेत हे आपोआप सिद्ध होते. ग्रबची यादी दिसत होती, म्हणजे फर्मवेअर आणि ग्रब ठीक होते. कर्नल डिस्क ओळखत होता. त्यापुढे ‘फाइलव्यवस्थेत मागितलेले इनिट नाही’ असा इशारा होता, आणि अखेरीस पहिला प्रोग्रामच मरण पावल्यामुळे कर्नल पॅनिक. याचा अर्थ मूळ फाइलव्यवस्था जोडलीही गेली होती. ती वाचताही येत होती. तिच्यातल्या एका विशिष्ट ठिकाणी जे असायला हवे होते ते तेथे नव्हते, इतकेच. डिस्क खराब झाली असती तर हा मजकूर इतका नेमका आला नसता. लिनक्सविषयी मला जी आस्था वाटते तिचे एक मोठे कारण हे आहे की ही व्यवस्था पडते तेव्हाही कोठे पडली ते सांगून पडते, आणि ऐकणाऱ्याने ते नीट ऐकावे एवढीच तिची अपेक्षा असते.

केंद्रावर पोचताच मी पेनड्राइव्हवरून एक स्वतंत्र लिनक्स चालू केले आणि त्यातून यंत्राची डिस्क केवळ वाचनापुरती जोडली. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी नोंदींची प्रत बाहेर काढून घ्यावी हा नियम मी कोणत्याही घाईत मोडत नाही, कारण दुरुस्ती चुकली तर पुन्हा करता येते, नोंदी पुन्हा लिहिता येत नाहीत. पोस्टग्रेसची संपूर्ण डिरेक्टरी बाहेरच्या डिस्कवर उतरत असताना मी व्यवस्थापकांना बोलावून तिचा आकार आणि त्या संध्याकाळची तारीख दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी लगेच फोन लावून घरी कळवले की आपण रात्री येथेच थांबत आहोत आणि काळजीचे कारण नाही.

यानंतर जे करतात ते सीएचरूट, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या जिवंत यंत्रणेत राहून आजारी यंत्रणेच्या मुळाशी जाऊन बसायचे आणि तिचीच हत्यारे वापरून तिला बरे करायचे. मी तशी आज्ञा दिली आणि उत्तर आले की बॅश या, आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामची, फाइल अस्तित्वात नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने पडद्याकडे निरखून पाहिले. मी त्याच ठिकाणची यादी मागवली. बॅश तेथे होती, तिचा आकार योग्य होता, चालवण्याची परवानगी होती. “सर, फाइल तर दिसतेय, मग नाही का म्हणतंय?” तिने विचारले, आणि त्या रात्री विचारला गेलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता.

याचे उत्तर असे की लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम स्वयंपूर्ण नसतात. छापणे, वाचणे, स्मृती मागणे यांसारखी नित्याची कामे करणारा कोड सामायिक लायब्ररींत ठेवलेला असतो, आणि प्रोग्राम सुरू होताना या लायब्ररींची आणि त्याची गाठ घालून देण्याचे काम डायनॅमिक लोडर नावाचा एक छोटा मध्यस्थ करतो. हा मध्यस्थ कोठे राहतो त्याचा पत्ता प्रत्येक प्रोग्रामच्या अंगातच कोरलेला असतो. कर्नल प्रोग्राम उघडतो, तो पत्ता वाचतो, त्या पत्त्यावर जातो, आणि तेथे कोणी नसेल तर ‘फाइल नाही’ असे सांगतो. पण कोणती फाइल नाही हे सांगण्याची जागा त्या मजकुरात नसल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की प्रोग्रामच नाही. हेच दुपारपासून प्रत्येक आज्ञेच्या बाबतीत घडत होते. पेनड्राइव्हवरच्या ‘फाइल’ या आज्ञेने मी तो कोरलेला पत्ता वाचला आणि त्याचा माग काढत एकेक पायरी चाललो. लोडरच्या पत्त्यावर एक दुवा, म्हणजे दुसऱ्या पत्त्याची वाट दाखवणारी फाइल, होता आणि तो /लिब या डिरेक्टरीकडे बोट दाखवत होता. इनिट हाही तसाच दुवा असून तोही /लिब मधल्या सिस्टमडीकडेच जात होता. मी मुळाची यादी मागवली. /बिन हा दुवा होता, /एसबिन हा दुवा होता, /लिब64 हा दुवा होता. आणि या सर्वांमध्ये /लिब एकटी खरीखुरी डिरेक्टरी होती, त्या दुपारच्या तारखेची, आणि तिच्या आत पुरवठादाराच्या ड्रायव्हरच्या मोजक्या फाइलींखेरीज काहीही नव्हते.

हे दुवे तेथे का असतात, याचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. युनिक्सच्या आरंभकाळाविषयी आमच्या व्यवसायात एक हकिकत सांगितली जाते ती अशी की, 1970 च्या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची पीडीपी-11 या यंत्रावर काम करत असताना त्यांची व्यवस्था वाढत वाढत अवघ्या काही मेगाबाइटांच्या पहिल्या डिस्कमध्ये मावेनाशी झाली, आणि जे मावले नाही ते त्यांनी वापरकर्त्यांच्या फाइली असलेल्या दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे /यूएसआर मध्ये, नेऊन ठेवले. तेव्हापासून प्रोग्रामांची दोन घरे झाली आणि लायब्ररींचीही दोन घरे झाली: एक मुळाशी, एक /यूएसआर मध्ये. डिस्क मोठ्या झाल्या, अडचण संपली, पण वहिवाट राहिली, आणि 1994 पासून फाइलव्यवस्थेची मानके लिहिली जाऊ लागली तेव्हा तिला नियमाचे रूपही मिळाले. पुढे ही दोन घरे एक करण्याचा विचार बळावला. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाने 2012 मध्ये सतराव्या आवृत्तीत ते केले, डेबियनने 2019 पासून नव्या स्थापनेसाठी तसा प्रघात पाडला, आणि बाराव्या आवृत्तीपासून दुसरी कोणतीही मांडणी चालणार नाही असे ठरवले. सर्व खऱ्या फाइली /यूएसआर मध्ये गेल्या आणि जुन्या पत्त्यांवर दुवे ठेवले गेले, यासाठी की ज्या असंख्य प्रोग्रामांच्या अंगात जुने पत्ते कोरलेले आहेत त्यांना तसदी पडू नये. हे एकत्रीकरण योग्य होते असेच मी मानतो. पण त्यामुळे अर्धशतकाचा व्यवहार एका अक्षरशः काही बाइटांच्या दुव्यावर येऊन ठेपला, हेही खरे आहे.

पुरवठादाराच्या पॅकेजमध्ये स्थापनेनंतर चालणारी एक स्क्रिप्ट होती. डीपीकेजी हा डेबियनचा पॅकेज-व्यवस्थापक आपल्याजवळच्या प्रत्येक पॅकेजच्या अशा स्क्रिप्ट एका ठरलेल्या डिरेक्टरीत जपून ठेवतो, त्यामुळे ती मला वाचता आली. तिच्यात एक ओळ होती, आणि त्या ओळीत टार या प्रोग्रामने बांधलेली फाइलींची एक गठडी मुळाशी सोडण्याची आज्ञा होती. त्या गठडीत ‘लिब’ नावाची डिरेक्टरी होती. आता टारचा, म्हणजे ग्नूच्या टारचा, एक जुना आणि त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट नमूद केलेला स्वभाव असा आहे की जी डिरेक्टरी उलगडायची तिच्याच नावाचा दुवा वाटेत आढळला, तर तो आधी तो दुवा काढून टाकतो आणि त्याच्या जागी नवी डिरेक्टरी उभी करतो. तसे करू नये असे सांगणारा पर्याय आहे, पण तो द्यावा लागतो. जुन्या मांडणीत /लिब ही खरी डिरेक्टरीच होती, म्हणून हीच ओळ वर्षानुवर्षे निर्धोक चालली असली पाहिजे. नव्या मांडणीत तिने आधारशिलाच उचलली, आणि त्या क्षणी ती स्क्रिप्टही पुढची आज्ञा चालवू न शकल्याने तेथेच थांबली. डीपीकेजीच्या नोंदवहीत त्या वेळेपुढे त्या पॅकेजची अवस्था अर्धवट लिहिलेली होती, आणि त्यानंतर काहीच नव्हते.

दुरुस्तीविषयी सांगण्यासारखे फार नाही. डिस्क लिहिण्यासाठी पुन्हा जोडली. आगंतुक /लिब चे नाव बदलून तिला बाजूला ठेवले. तिच्या जागी यूएसआरमधल्या लिबकडे जाणारा दुवा केला. सीएचरूटची तीच आज्ञा पुन्हा दिली आणि बॅश निमूटपणे उघडली. आतून ते पॅकेज काढून टाकले, दुसरे काही अर्धवट राहिलेले नाही याची डीपीकेजीकडून खातरजमा करून घेतली, पूर्वीचा ड्रायव्हर पुन्हा बसवला, सर्व डिस्क विधिवत मोकळ्या केल्या आणि यंत्र त्याच्या स्वतःच्या बळावर सुरू केले. ते सुरू झाले. पोस्टग्रेसने मागच्या वेळी आपण नीट बंद झालो नव्हतो असे स्वतःच नोंदवले, आपल्या आगाऊ लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून राहिलेले व्यवहार पुरे केले आणि जोडणी स्वीकारण्यास सिद्ध झाल्याचे जाहीर केले. त्या मुलीने संध्याकाळच्या पावत्यांचे शेवटचे आकडे कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. ते बरोबर होते.

मला मात्र एकच चिंता लागली होती, ती म्हणजे संघाच्या दुसऱ्या केंद्रांची, कारण पॅकेज सर्वत्र एकाच भांडारातून जात होते. चौकशी करता एका केंद्रावर ते उतरल्याचे कळले. यंत्र चालू होते, पण नवे काही उघडत नव्हते, आणि तेथील माणूस सकाळी बंद करून पुन्हा चालू करून पाहण्याच्या विचारात होता. “बंद करू नका, आणि पडद्यावरची एकही खिडकी मिटू नका,” असे मी त्याला सांगितले. सुदैवाने रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराची एक खिडकी तेथे आदल्या दिवसापासून उघडी होती. नवी मिळाली नसती, कारण तो अधिकार मिळवून देणारा सुडो हाही शेवटी एक प्रोग्रामच. पण उघड्या बॅशमधूनही काय करणार, जर फाइल हलवण्याची आज्ञादेखील चालत नसेल? येथे एक गोष्ट उपयोगी पडते, जी फार थोड्यांना ठाऊक असते आणि जी यंत्रणा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला वाटते. लोडर नाहीसा झालेला नसतो; तो /यूएसआर मध्ये आपल्या जागी असतो, फक्त त्याच्याकडे जाणारी वाट तुटलेली असते. आणि लोडर हा स्वतः स्वयंपूर्ण असल्यामुळे त्यालाच त्याच्या खऱ्या पत्त्यावर थेट हाक मारून, लायब्ररींची डिरेक्टरी दाखवून, अमुक प्रोग्राम चालव असे सांगता येते. ती लांबलचक आज्ञा त्या मुलीने मागून घेतली आणि फोनवरून तेथल्या माणसाला तिनेच सांगितली, प्रत्येक तिरकी रेघ आणि प्रत्येक टिंब उच्चारून. एकदा नाव बदलण्यासाठी, एकदा दुवा करण्यासाठी. दुसऱ्या आज्ञेनंतर त्याने यादी मागवली आणि ती आली. ते यंत्र बंद न होताच पूर्ववत झाले.

पुरवठादाराच्या अभियंत्याशी माझे पुढे सविस्तर बोलणे झाले. त्याचे म्हणणे असे होते की भांडाराच्या सूचीवर त्यांची सही होती, पॅकेज उतरवणाऱ्या ॲप्टने ती तपासून घेतली होती, आणि तेथून आलेले पॅकेज अस्सलच होते. यात खोटे काही नव्हते. पण सही ही कुणी पाठवले याची ग्वाही देते, जे पाठवले ते बरोबर आहे याची देत नाही. आणि रूटच्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट ज्या क्षणी आपण दुसऱ्याच्या यंत्रावर धाडतो, त्या क्षणी त्या यंत्रातल्या प्रत्येक फाइलीची जबाबदारी आपण पत्करलेली असते. डेबियनचे शेकडो स्वयंसेवक ही जबाबदारी ज्या काटेकोरपणाने पाळतात, नियमांचे एक जाडजूड पुस्तक चर्चा करून लिहितात, आणि एकेका दुव्याच्या बदलासाठी वर्षे खर्च करतात, ते पाहिले की मला त्यांच्याविषयी अतीव आदर वाटतो. आणि त्यांच्या व्यवस्थेवर बाहेरून येऊन बसणाऱ्या पॅकेजनेही तीच शिस्त पाळावी ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही. मी अभियंत्याला सुचवले की टारला तो पर्याय देऊन भागवण्याऐवजी स्क्रिप्टमधली ती गठडीच काढून टाकावी आणि फाइली पॅकेजच्या पोटात रीतसर ठेवाव्यात, कारण डीपीकेजी डिरेक्टरीकडे जाणारा दुवा मोडत नाही, आणि शिवाय कोणती फाइल कोणत्या पॅकेजची हे त्याच्या दप्तरी राहते.

पुरवठादाराने प्रथम नुसता पर्याय घालून नवी आवृत्ती पाठवली. ती मी एका रिकाम्या यंत्रावर तपासून, योग्य असली तरी, स्वीकारली नाही आणि पूर्वीचीच आवृत्ती सर्व केंद्रांवर अडकवून ठेवली. त्यानंतर आली तिच्यात स्क्रिप्टमध्ये ड्रायव्हरची नोंद करण्यापलीकडे काही नव्हते, आणि सर्व फाइली डीपीकेजीच्या यादीत त्यांच्या नावाने उभ्या होत्या. ती आता चालू आहे.